अडतीस सेकंद

देवळी,
१९ जानेवारी २०२५

चि. वर्षालीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

रोहण्याहून सुखरूप पोहोचलो. बसला गर्दी होती, पण जागा मिळाली. तू दिलेल्या तुरीच्या शेंगा तुझ्या आईला, नलूला पोचत्या केल्या. ती सोलता सोलता तुझंच विचारत होती. माझा गुडघा आहे तसाच आहे.

एवढं फोनवरही सांगता आलं असतं. पण परवा तुझ्या स्वयंपाकघरात ऐकलेलं डोक्यातून जात नाही. काजल शाळेच्या प्रयोगासाठी थर्मामीटर धरून पाणी उकळत होती. "आई, अठ्ठ्याण्णववरच उकळून राह्यलं," म्हणाली. पोळी लाटता लाटता तू म्हणालीस, "पुस्तकात शंभर हाय ना? मंग शंभरच लिहिजो. जे दिसते ते लिहून कोनाचं भलं झालं?" मी चहा अर्धा टाकून उठलो. तुला वाटलं, साखर जास्त झाली.

चोवीस वर्षं मी कॉलेजच्या लॅबमध्ये सामान मांडलं आणि भिंतीला टेकून सरांचं शिकवणं ऐकलं. दोलक टांगून सर सांगत, दोऱ्याला वजन नाही, हवा आड येत नाही असं धरून चालायचं, हे झालं मॉडेल. त्यातून निसर्गाचा नियम आकड्यांत सापडतो, आणि तसं का घडतं ते सिद्धांत सांगतो. रिडिंग जुळलं नाही तर आधी यंत्र तपासा, मग हिशेब, मग आपलं मॉडेल. मला हे सगळं पाठ होतं गं.

तुझ्या बारावीत त्याच लॅबमध्ये दोलकाच्या वीस आंदोलनांना चाळीस सेकंद यायला हवे होते. तुला अडतीस आले. बाकीच्यांनी मागच्या वर्षीच्या वह्यांतून आकडे उतरवले, त्यांचं गुरुत्वाचं उत्तर बरोबर नऊ पॉइंट आठ. तुझं दहा पॉइंट नऊ. सरांनी सगळ्यांसमोर तुझं पान फाडलं. तू म्हणालीस, "सर, मले तीनदा अडतीसच दिसले." सर माझ्याकडे वळले, "रूपराव, स्टॉपवॉच ठीक आहे ना?" तूही माझ्याकडे पाहिलंस.

मी म्हणालो, "ठीक आहे, सर."

आठ दिवसांपूर्वी ते माझ्याच हातून फरशीवर पडलं होतं. तेव्हापासून मिनिटाला तीन सेकंद मागे पडायचं, चाळीसचे अडतीस दाखवायचं. मी भिंतीवरच्या घड्याळाशी लावून पाहिलं होतं. तेव्हा मी कायम झालो नव्हतो, घाबरलो. पुढे कायम झालो, तरी तोंड उघडलं नाही. तू फिजिक्स सोडून बी.ए.ला गेलीस तेव्हा नलूला मीच म्हणालो, "पोरीचं लक्षच नाई त्यात." याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

निवृत्त होताना भंगारातून ते स्टॉपवॉच उचलून आणलं. सोबत पाठवतो आहे. मोबाइलशेजारी लावून पाहा, अजून मागेच पडतं. माफ कर असं लिहायला हात धजत नाही. काजलचे अठ्ठ्याण्णव मात्र खोडू नकोस. थर्मामीटर तपासा, आणि मग का ते तिला शोधू दे.

तुझं रिडिंग बरोबर होतं, हे बावीस वर्षांनी सांगणारा,
तुझा मामा
रूपराव