जाणाऱ्याला कुठं म्हणू नये

मेडशी,
११ जानेवारी १९७६

प्रिय रुख्मिणी,

सप्रेम जयभीम. उत्तराला उशीर झाला म्हणून रागावली असशील, तर रागाव, तुझा हक्कच आहे. तू लिहिलंस, पोरांची जिज्ञासा वाढवायची तर वस्तू झाकून ठेव, ती आपोआप विचारतात. अगं, अकोल्याच्या ट्रेनिंगमध्ये आपण दोघींनी हेच घोकलं आणि पासही झालो. केलं तेही. टेबलावर टोपलीखाली तितराची पिलं ठेवली. अख्खी चौथी तरटावरून उठून टेबलाला लटकली. एकटी माझी यशू खाली बसून पाटीवर पाढे लिहीत राहिली.

तुला ती पाच वर्षांची आठवत असेल. मुंगीले झोप येते काय, गोधडीत अंधार कोन भरते, असलं विचारून तिनं तुला हात जोडायला लावले होते. तिच्या बाबांना मात्र कंटाळा नव्हता. उत्तर येत नसलं तर ते रचून सांगत. पुढं एके दिवशी सकाळी ते सायकल घेऊन पातूरला निघाले आणि ही मागून ओरडली, "बाबा, कुठी चालले?" त्यांनी हसून सांगितलं आणि गेले. घाटात ट्रकखाली आले. प्रेत अंगणात ठेवलं तेव्हा सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "पोरीनं टोकलं, म्हून गेला माहा लेक." निघालेल्या माणसाला 'कुठं' विचारू नये, विचारलं की त्याच्या वाटेत विघ्न येतं, ही समजूत तुमच्याकडेही असेल. आमच्या घरानं छप्पन साली देव नदीत सोडले, बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावल्या, पण हे टोकणं काही उंबऱ्यावरून हललं नाही. म्हातारीशी मी कडाकडा भांडले. पण तिचाही लेकच गेला होता.

त्या दिवसापासून यशू काही विचारत नाही. बोलते, हसते, सांगितलेलं सगळं करते. गावाला तिच्या शहाणपणाचं कोण कौतुक. पण "पाणी दे" म्हणते, "पाणी आहे काय" असं म्हणत नाही. माझ्याशिवाय हे कोणाच्या लक्षातही आलेलं नाही.

मी काय काय केलं, ऐकलंस तर हसशील. मुद्दाम तिच्या चहात मीठ घातलं. तिनं तो पिऊन कप विसळून ठेवला. कपड्यांची नीळ लावून पांढरी कोंबडी निळी केली. सगळी गल्ली विचारायला आली, मास्तरीणबाईंच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणून गेली, आणि यशूनं त्या कोंबडीला रोजच्यासारखे दाणे टाकले. जिज्ञासा वाढते का आणि कशानं, हे आता मला कोणी शिकवू नये. खत घातलं की तरारेल असलं ते पीक नव्हे. आपल्या तोंडच्या शब्दानं माणूस मरतो असं जिच्या मनात बसलंय, तिला कुठली टोपली उघडावीशी वाटेल? मी हरले, रुख्मे. शिकवता शिकवता रडू फुटतं आणि मी फळ्याकडे तोंड करून उभी राहते.

या आठवड्यात मी तिच्यासमोर ट्रंक भरली. तिनं पातळांच्या घड्या करून दिल्या, विचारलं नाही. मग काल मी ठरवूनच निघाल्याचं सोंग केलं, चपला घातल्या, ट्रंक उचलली आणि उंबऱ्यावर थांबले. ती मागे उभी. तिचे ओठ हलले, पुन्हा मिटले. शेवटी तिनं माझा पदर धरला आणि अगदी हळू म्हणाली, "आई, कुठी चालली?" आत सासूबाईंच्या हातून परात पडली. मी तिथंच बसकण मारली आणि सांगितलं, नागपूरला. मग पोरगी थांबेचना. कायले, कोनासंग, तिथं कोन हाय, आगगाडीत झोपता येते काय, वापस कव्हा येशीन. मी हसत होते आणि रडत होते. होळीच्या आत येते, असं म्हणून बसले.

आता ऐक. नागपूरला माझं ऑपरेशन आहे, गुरुवारी निघायचं. पोटात गाठ आहे. उशीर झालाय, हमी देता येत नाही, असं डॉक्टरांनी माझ्या दिराला, शालिग्रामला, सांगितलंय. हे मला दिवाळीपासून ठाऊक आहे, आणि तरी मी तिला उंबऱ्यावर विचारायला लावलं. काल आनंदात सुचलं नाही, आज सकाळी लक्षात आलं. परतले तर तिची भीती कायमची जाईल. नाही परतले, तर आईबाप दोघांना आपणच मारलं असं ती धरून बसेल. जगायची अशी निकड मला कधी वाटली नव्हती. टपालाचा भरवसा नाही, म्हणून हे पत्र तुमच्या शिरपूरच्या गाडीच्या कंडक्टरजवळ देतेय. रजा टाक आणि बुधवारी ये. माझं बरंवाईट झालं तर सासूबाई काही बोलायच्या आत तू तिच्याजवळ जाऊन बस. गाठ दिवाळीची होती आणि तुझा प्रश्न जानेवारीतला, असं तिला सांग. ती हिशेबाला पक्की आहे, तिला कळेल. मग ती जे विचारेल, आई कशी गेली, तिला कुठं जाळलं, सगळ्याची खरी उत्तरं दे. आणि तिनं काहीच विचारलं नाही, तर रुख्मे, तिच्याजवळून उठू नकोस.

तुझ्याच भरवशावर निघालेली,
तुझीच,
विजयमाला