साडूच्या तळ्यातले मासे

४ फेब्रुवारी
डाव्या हाताने तिसरी ओळ लिहीत होतो, तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. कागद वर्तमानपत्राखाली सरकवला. तिने काही विचारलं नाही. घरात माझ्याबद्दल कुतूहल उरलेलं नाही. आज ते सोयीचं पडलं.
तक्रार निनावी आहे. साडू मासे पाळायचं सरकारी अनुदान घेतो आणि त्याच्या तळ्यात एकही मासा नाही. मागच्या महिन्यात खाडीचं पाणी शिरलं, सगळे मेले. मेहुणीने बायकोला सांगितलं, बायकोने मला.
यात सूडबुद्धी नाही. जनतेच्या पैशाचा प्रश्न आहे.

५ फेब्रुवारी
थोडी सूडबुद्धी आहे. त्याला दुसरा हप्ता मिळाला, माझा नकाशावरच्या एका सहीसाठी अडकलाय. शिवाय तो सगळ्यांसमोर म्हणाला, तुझं तळं म्हणजे आंघोळीचा हौद. सगळे हसले. बायको सगळ्यात जास्त वेळ.

६ फेब्रुवारी
संशय येऊ नये म्हणून तक्रारीत आजूबाजूची तीन तळी घातली. त्यात माझंही. असं डोकं जन्मजातच असावं लागतं. माझं तळं भरलेलं आहे, मला कसली भीती?
पत्र टाकून येताना जरा ताठ चाललो.

१७ फेब्रुवारी
नोटीस आली. निनावी तक्रारीवरून वीस तारखेला, सकाळी अकरापासून माझ्या तळ्याची तपासणी. कपाटात कोटाखाली लपवली. बायकोला दिसली तर प्रश्न विचारेल, आणि मला तिच्याशी खोटं बोलता येत नाही.
साडूलाही त्याच दिवसाची आली असणार. येऊ दे. तीन दिवसांत मासे वाढत नाहीत.

१८ फेब्रुवारी
निश्चय: तो पकडला गेला की हसायचं नाही. आरशासमोर गंभीर चेहऱ्याचा सराव केला. ओठ डावीकडे सरकतात.

१९ फेब्रुवारी
मेहुणी आली होती. दोघी बहिणी स्वयंपाकघरात दार लावून कुजबुजल्या. जाताना ती डोळे पुसत होती. मला वाईट वाटलं. पाच मिनिटं.

२० फेब्रुवारी, दुपार
सकाळी दाढी करायला न्हाव्याकडे गेलो. अशा दिवशी माणूस नीटनेटका दिसावा. तिथूनच परस्पर साडूच्या बांधावर.
तपासणीच्या बाईंनी जाळं टाकायला लावलं. भरून वर आलं.
मासे. एकाची शेपटी अर्धी तुटलेली. त्याला मी ओळखतो. रोज सकाळी खाणं टाकलं की सगळ्यांच्या आधी तोच येतो. आजही तो माझ्याकडे बघत होता. हा माझा आहे, असं म्हणता येईना. साडू पुटपुटला, हौदातसुद्धा बरे पोसतोस रे.
बाईंनी तळं उत्तम ठेवल्याबद्दल त्याचं कौतुक केलं. मग यादी बघून म्हणाल्या, पुढचं तळं तुमचंच ना?
माझ्या तळ्यात जाळं तीनदा टाकलं. एक बेडूक आला.

त्याच दिवशी, चार वाजता
शेरा: तळे रिकामे. अनुदान रद्द. पहिला हप्ता परत भरावा.
बायकोला जाब विचारला. मी न्हाव्याकडे असताना साडू पिंपं भरून मासे घेऊन गेला होता. ती म्हणाली, "ताईला दुपारपर्यंत उसने दिले होते. आपल्याकडेही तपासणीला येणार आहेत, हे मला कोणी सांगितलं?"
कोटाखालच्या नोटिशीबद्दल बोललो नाही. योग्य वेळ नव्हती.

२१ फेब्रुवारी, सकाळ
साडूने मासे परत आणून सोडले. सोडताना मोजले. एकही कमी नव्हता. मग ओट्यावर बसला, माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, हा तक्रारखोर कोण ते शोधायचंच, तुझं नुकसान मी विसरणार नाही. ऑफिसात त्या पत्राची प्रत मागू. अक्षरावरून सापडेल. तुझं अक्षर चांगलं आहे, अर्ज तूच लिही.
बायकोने कागद आणून दिला. चहाही.
लिहिला. उजव्या हाताने.