बुडालेल्या गावाचं आवतण

पनवेल,
१४ सप्टेंबर २०२५

चि. किशोरीस,
दादाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आईने ते माझ्याकडून वाचून घेतलं, मग तुझ्या वहिनीकडून, आणि काल भाजीवालीकडूनही घेतलं असतं, पण तिला वाचता येत नाही म्हणून राहिलं. दर रविवारी फोन होतो, पण फोनवर तू दिसतेस, दिसलीस की ती रडते, आणि बोलायचं सगळं राहून जातं. तेव्हा पत्रच बरं. मला तर पहिल्यापासून पत्रांची सवय. आठवतं ना, कॉलेजात असताना मी आणि नवीन पनवेलचा वरद फ्रान्सला पत्रं लिहायचो ते? ब्लॅक मेटल संगीताची सगळी दुनियाच तेव्हा पोस्टाने चालायची. आपण एक कॅसेट पाठवायची, समोरच्याने त्याची पाठवायची. परदेशी तिकिटांचा लिफाफा गावात आला की आबांना वाटायचं, बोटीवरच्या नोकरीचा कॉल आला. आत कॅसेट निघाली की ते जाळी विणायला बसायचे.

तुला ते संगीत म्हणजे पत्र्यावर दगड पडल्याचा आवाज वाटायचा, हे ठाऊक आहे. तरी एक काम सांगतो. नॉर्वेवाल्यांचं नाव मोठं, पण माझा जीव फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतल्या लोकांवर जडला होता. गोठ्यात नाहीतर तळघरात ध्वनिमुद्रण करायचं, मोजक्या कॅसेटी काढायच्या, फोटो नाही, मुलाखत नाही. कोणी समुद्रकाठचा, त्याच्या बोलीत बुडालेल्या मच्छीमारांवर ओरडतो. कोणी डोंगरातला, ओस पडलेल्या वाडीवर. गिटार अशी सलग वाजते की थोड्या वेळाने गिटार ऐकू येतच नाही, वाऱ्यात उभं राहिल्यासारखं होतं. त्यांच्यात द्वेष विकणारेही होते, त्यांच्या वाटेला आम्ही गेलो नाही. बाकीच्यांत मात्र सोनं होतं.

त्यांतल्या एकाच्या नावाचा अर्थ ‘विझलेली चूल’ असा होतो. पत्ता तू राहतेस त्याच क्लेरमाँच्या आसपासचा होता. विमानतळासाठी गाव उठलं, आपलं घर हललं त्या वेळी ती कॅसेट टेम्पोतून कुठे गेली कळलं नाही. सगळ्या गावाचं सामान एकदम निघालेलं, कुणाचा पाटा कुणाकडे गेला, कुणाचा पाळणा कुणाकडे. मी कॅसेट शोधतोय हे सांगायलाही लाज वाटली. चिठ्ठीत नाव फ्रेंचमध्ये लिहून पाठवतोय, जमलं तर बघ.

आता घरची खबर. काकांच्या रियाचं लग्न फेब्रुवारीत ठरलं. मुलगा उरणकडचा आहे, स्वभावाने गरीब. काकूंनी आईला धवल्याचं, म्हणजे हळदीची गाणी म्हणायचं, आवतण दिलं, सुपारी पुढे ठेवली. आईने ती परत केली. आख्ख्या खाडीकाठी जिच्याशिवाय हळद लागत नव्हती, ती धवलारीण नाही म्हणाली. काकू रुसून गेल्या. मी विचारलं तर म्हणाली की धवल्यात आधी गावच्या देवांना बोलवायचं असतं, विहिरीला, वेशीला, वडाला, बंदराला. ती आता कुठे आहेत? नव्या वसाहतीत पाण्याची टाकी आहे आणि पार्किंग आहे. गाव सोडल्यापासून ती गुणगुणतसुद्धा नाही, हे त्या दिवशी माझ्या लक्षात आलं. इतके दिवस कसं आलं नाही कोण जाणे.

थंडी सुरू होईल, कानटोपी घालत जा. आहे तो लोभ थंडीने गोठू देऊ नकोस.

तुझा,
कुंदनदादा


क्लेरमाँ, फ्रान्स,
१९ ऑक्टोबर २०२५

ती. दादास,
किशोरीचा शि. सा. नमस्कार.

तू मला नदीच्या गाळावर संशोधन करायला पाठवलंस की कॅसेटी शोधायला, हे आधी ठरव. तुझी चिठ्ठी घेऊन मी इथल्या एका जुन्या रेकॉर्डच्या दुकानात गेले. दुकानदाराने नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा नाव वाचलं. मग म्हणाला की तो माणूस आता कॅसेटी काढत नाही, पण पुढच्या शनिवारी डोंगरातल्या एका गावी कार्यक्रम आहे, तिथे असेल.

मी गेले. वहिनीने विणून दिलेला पिवळा स्वेटर घालून गेले, आणि तिथे सगळे नखशिखान्त काळ्या कपड्यांत. आपल्याकडे हळदीच्या मांडवात कोणी काळं नेसून यावं, तशी मी दिसत होते. पण माणसं इतकी अदबशीर की विचारू नकोस. एकाने मला कानात घालायचे बोळे दिले, एका बाईने पुढे जागा करून दिली. मग वाजायला लागलं आणि दादा, पहिली दहा मिनिटं मला तुझी कीव आली. नंतर काय झालं सांगता येत नाही. तू म्हणतोस तो वारा मला लागला. आपल्या बांधावर उभी होते असं वाटलं, भरतीच्या वेळी.

तुझी ‘विझलेली चूल’ म्हणजे एकच माणूस निघाला. त्याचं नाव एतिएन. पन्नाशीचा आहे, शाळेची बस चालवतो, आवाज इतका हळू की पुढे वाकून ऐकावं लागतं. भारतातून कोणीतरी आपली कॅसेट शोधतंय हे त्याला आधी खरं वाटेना. तुझं नाव त्याला आठवलं नाही, पण पनवेल आठवलं. ते गाव नकाशात शोधून पाहिलं होतं म्हणाला.

त्याच्या घरामागे मोठं धरण आहे. त्याच्या आजीचं गाव त्या पाण्याखाली आहे. कॅसेट त्याने तिथेच काठावर बसून केली. दुसऱ्या बाजूला मध्येच सगळं थांबतं आणि एका म्हातारीचा आवाज येतो, तो तुझ्या लक्षात असेल. तू मला एकदा म्हणाला होतास की ती काहीतरी मंत्र म्हणते. दादा, तो मंत्र नाही. ती त्याची आजी आहे आणि ती गाईंना नावानं हाका मारतेय. कुरणही बुडालं आणि गाई तर त्याआधीच विकल्या होत्या. तरी ती संध्याकाळी काठावर जाऊन हाका मारायची. गावातल्यांनी तिला वेडी म्हटलं. एतिएन म्हणाला की ती वेडी नव्हती, गाई येणार नाहीत हे तिला चांगलं माहीत होतं.

मग त्याने आपल्याबद्दल विचारलं. मी आपलं गाव सांगितलं, विमानतळ सांगितला, आणि आईचंही सांगितलं. जाताना त्याने स्वतःजवळची कॅसेट दिली आणि भीत भीत विचारलं की तुझ्या आईचा आवाज कधी ऐकायला मिळेल का, कोणी रेकॉर्ड करून पाठवेल का. मी विचारते म्हणाले. आता तू विचार.

कॅसेट यासोबत पाठवते. वहिनीला सांग स्वेटर गाजला. मुलांना पापे. तुझी माया आहे तशीच ऊबदार राहू दे, इथे तिचीच गरज आहे.

तुझी,
किशोरी


पनवेल,
२३ नोव्हेंबर २०२५

चि. किशोरीस,
अनेक आशीर्वाद, आणि या वेळी वर एक शाबासकी.

कॅसेट सुखरूप आली. पण वाजवायची कशावर? आमच्याकडचा टेपरेकॉर्डर गाव सोडतानाच भंगारात गेला. शेवटी वरदला फोन केला. त्याच्या वडिलांचा माळ्यावर होता. पट्टा तुटलेला, तो बाजारात एका म्हाताऱ्या दुरुस्तीवाल्याकडून बदलून घेतला. वरद स्वतः घेऊन आला. आता टक्कल पडलंय त्याला, बँकेत मोठा साहेब आहे. आम्ही दोघं हॉलमध्ये जमिनीवर बसलो, पूर्वी ओट्यावर बसायचो तसे. पहिली गिटार वाजली तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहायचं टाळलं.

आई आतून आली. कोणाला कापताय रे, असं विचारलं आणि आवाज कमी करायला सांगितला. मी कमी केला. ती तिथेच तांदूळ निवडत बसली, आम्हाला ऐकू येईल अशा बेताने पुटपुटत. मग दुसरी बाजू लावली आणि ती म्हातारी आली.

आईचे हात थांबले. ही बाई काय म्हणते, असं तिने विचारलं. मी तुझं पत्र काढून ते सगळं वाचून दाखवलं. गाई तिथे नाहीत, मग ती कुणाला बोलावते, असं तिने पुन्हा विचारलं. वरद म्हणाला, “काकी, ज्या होत्या त्यांना.” आई तांदूळ घेऊन आत गेली. पण दुसऱ्या दिवशी मी ड्युटीवर निघालो तर म्हणाली, ती म्हातारी लावून जा. त्यानंतर हे रोजचं झालं आहे. वहिनीला कॅसेट मागे घ्यायला शिकवून ठेवलंय.

धीर करून मी एतिएनची विनंती सांगितली. तिने साफ नाही म्हटलं. रागावली नाही, समजावून सांगितल्यासारखं म्हणाली की धवला डब्यात भरायचा नसतो. मांडव पाहिजे, हळद पाहिजे, नवरी पाहिजे. त्याशिवाय तोंड उघडलं तर देव नुसते उठून बसतात आणि त्यांना जागा द्यायला कोणी नसतं. तेव्हा तूही पुन्हा विचारू नकोस. त्या सद्गृहस्थाला माझे आभार सांग आणि नकारही सांग, नीट शब्दांत.

काकूंनी शेवटी हळदीला डीजे ठरवला. मला वाईट वाटलं, पण दोष कुणाला देणार?

अभ्यासात लक्ष ठेव. आम्हा सर्वांचा जीव तुझ्यापाशी आहे, तो सांभाळून वापर.

तुझा,
कुंदनदादा


क्लेरमाँ, फ्रान्स,
११ जानेवारी २०२६

ती. दादास,
शि. सा. नमस्कार, तिळगूळ पोचायच्या आधीच गोड मानून घ्यावा.

एतिएनला नकार सांगायला मी स्वतः गेले. मला वाटलं होतं तो हिरमुसेल. तो म्हणाला की तिचं बरोबर आहे. त्याच्या आजीचा आवाज आपल्या आईने ऐकला, रोज ऐकते, हे मात्र त्याने मला पुन्हा पुन्हा सांगायला लावलं. त्याची आजी कधी जिल्ह्याबाहेर गेली नव्हती. त्याने मला धरणावर नेलं. पाणी उतरलेलं होतं, काठाला एका भिंतीचं टोक दिसत होतं. आम्ही बर्फात उभे होतो आणि मला एकदम आपल्या घराची पायरी आठवली, जिच्यावर आई माशांची पाटी टेकवायची. दादा, मी तिथे खूप रडले. गाव हललं तेव्हा मी परीक्षेच्या नावाखाली पुण्याला होते, आणि तेव्हा रडायला वेळच झाला नाही.

रियाच्या लग्नाला येणं जमत नाही. रजा मिळाली असती, पण नेमकं त्याच आठवड्यात माझं सादरीकरण आहे. आईला सांग की हळदीला मी नाही म्हणून डोळ्यांत पाणी आणायचं नाही. फोन लावून ठेवा, मी इथून अक्षता टाकेन.

सगळ्यांना नमस्कार. लांबून का होईना, आठवणीत माझं पान मांडत जा.

तुझी,
किशोरी


पनवेल,
१५ मार्च २०२६

चि. किशोरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

लग्न व्यवस्थित पार पडलं. पण मला तुला हळदीचं सांगायचं आहे.

मांडव इमारतीच्या समोर, पार्किंगच्या जागेत घातला होता. दुपारची वेळ, डीजेवाली पोरं वायरी जोडत होती. रियाला पाटावर बसवलं. आई कडेला खुर्चीवर, सगळ्या पाहुण्यांसारखी. रिया मान खाली घालून बसलेली, आणि हळद कोणी सुरू करायची हेच कोणाला कळेना. पूर्वी आईचा आवाज लागला की हात आपोआप हळदीत जायचे. काकूंनी वाटी उचलली आणि तशीच धरून उभ्या राहिल्या.

आई उठली. डीजेवाल्याला म्हणाली, “पोरा, जरा बंद ठेव. मना बोलवायचं हाय.”

आणि ती रियाच्या पाटामागे जाऊन उभी राहिली. पहिला सूर फाटला. दुसराही. मग लागला. तिने विहिरीला बोलावलं, वडाला बोलावलं, वेशीवरच्या म्हसोबाला, मिठागराच्या बांधाला, बंदराला. ज्याचं जे ठिकाण होतं त्या नावानं बोलावलं, तिथे आज धावपट्टी असली तरी. मग कोपऱ्यातून, पूर्वी आईमागे धवला धरणारी सोनाबाई उठली, तिच्यामागून आणखी दोघी म्हाताऱ्या. त्यांचे आवाज बसलेले, शब्द विसरलेले, पण त्या आईच्या ओळीमागे चालत राहिल्या. मध्ये विमान डोक्यावरून गेलं. काही ऐकू येईना, नुसती ओठांची हालचाल दिसत होती. विमान गेलं तेव्हा त्या पुढच्या ओळीवर होत्या. काकू रडत हळद लावत होत्या.

देवांची नावं संपली तेव्हा आई थांबली. मला वाटलं झालं. पण तिने आणखी एक आवतण दिलं, पाण्याखालच्या गावाला आणि तिथल्या म्हातारीला. बायांना कळलं नाही कोण, पण त्यांनी ओळ धरली.

किशोरी, तुझा फोन लावायचा राहून गेला. तो माझ्या खिशात होता. रेकॉर्डही कोणी केलं नाही, इतक्या सगळ्यांच्या हातात मोबाइल असून. मी रागावलो स्वतःवर, पण खरं सांगू? त्या वेळी हात खिशात गेलाच नाही. तू समजून घेशील.

आई तुला स्वतः काही सांगायचं म्हणते. ती बोलते तसं वहिनीने पुढे उतरवून घेतलं आहे.

लोभाची बाकी तुझ्या येण्याने फिटेल.

तुझा,
कुंदनदादा


पोरी किशोरी,
आयचा तुला आशीर्वाद.

दादावर रागावू नको. मी गायले ते तुला नाय मिलालं आयकाया, म्हनून तो दोन दिस नीट जेवला नाय. आमी बऱ्या हाव. गुडघा दुकतो, तो दुकनारच.

त्या तुज्या बसवाल्याला सांग, त्याची आजी आमच्या हलदीला आली होती. मी आवतान दिलं. त्याला वाईट वाटलं तर माझी चूक, पन मना नाय वाटत त्याला वाईट वाटंल. तो कवा इकडं आला तर घरी घेऊन ये. भाकर हाय, सुकट हाय, त्याला तिकट जमंल का ते बग.

मना वाटायचं जागा गेली म्हंजे नाव पन गेलं. तसं नाय. नाव घेतलं का ते येतंय, जागा नसली तरी उबं ऱ्हातंय. आता सोनाबाई आनि त्या दोगी ऐतवारी दुपारी जिन्यात येऊन बसतात. इसरलेलं एकमेकीला सांगतो. रिया माहेरी आली का ती पन बसते. खालचा वाचमन म्हनतो आवाज जरा कमी करा. करतो मंग, काय करनार.

तू बर्फात रडलीस ते दादानं वाचलं. एकटी रडू नको. घरी ये, मंग दोगी बसून काय ते रडू. येशील त्या दिवशी मी गाईन. मांडव नसला तरी गाईन.

तुजी आय,
कृष्णाबाई