दादाचे वाढलेले अर्धविराम

१२ नोव्हेंबर

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. नमस्कारात कागद घालवू नकोस, मुद्द्यावर ये, असं तू म्हणणार हे माहीत आहे. पण आज मुद्द्यावर यायला मला जरा वेळ लागणार आहे, तेव्हा चिडू नकोस.

मी बरी आहे. थंडी पडली आहे. वृद्धनिवासातलं काम तेच, आज्यांना उठवायचं, अंघोळी घालायच्या, भरवायचं, चादरी बदलायच्या. माझ्या मजल्यावरच्या शिंपीणआजी कालपासून माझ्यावर रुसल्या आहेत, कारण मी त्यांच्या हातातली सुई काढून घेतली. नर्सबाई मला मदतनीस म्हणून हाक मारतात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. इंग्रजीची परीक्षा पास होईपर्यंत माझी नर्सिंगची पदवी इथे कपाटातच राहणार.

निकाल लागला. लागून बरेच दिवस झाले. वहिनीला फोनवर ‘अजून नाही’ म्हणाले ते खोटं होतं. लेखनात पुन्हा नापास. आता जानेवारीतली एकच संधी उरली आहे. ती गेली की या देशात राहायचा परवाना संपला, नोकरी संपली आणि मी बॅग घेऊन तुमच्या दारात.

तुला आठवतं ना, ही आपली शिकवणी कशामुळे सुरू झाली? मी बोलते तशी लिहिते, श्वास न घेता. कामाची पाळी संपताना नोंदवहीत इंग्रजीत लिहिलं होतं, आजींनी खाल्लं नाही गोळी दिली आजी झोपल्या, सगळं एका दमात, मध्ये कुठे टिंबसुद्धा नाही. पुढच्या पाळीच्या बाईंनी त्याचा अर्थ आजींनी गोळीच खाल्ली नाही असा लावला आणि दुसरी गोळी घेऊन निघाल्या. मी कोट घालून दारापर्यंत पोचले होते, तशीच मागे धावले. तेव्हा घाबरून तुला, घरच्याच इंग्रजीच्या मास्तरांना लिहिलं. मग दर आठवड्याला मी एक पान लिहून पोस्टाने पाठवायचं आणि तू लाल शाईने तपासून परत धाडायचं, असं ठरलं.

पहिल्याच पानावर तू समासात लिहिलं होतंस, ‘वाक्य स्वतःच्या पायावर उभं राहतं का ते आधी बघ. दोन्ही उभी राहत असतील तर मध्ये पूर्णविराम दे. दोघांचं एकमेकांशी जवळचं नातं असेल तर अर्धविराम दे. नुसत्या स्वल्पविरामावर दोन अख्खी वाक्यं टांगू नकोस, तो बिचारा मोडतो.’ मी हसले होते. ते पान अजून आरशाशेजारी चिकटवलेलं आहे. इतकं सोपं मला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

उन्हाळ्यापासून तुझे अर्धविराम वाढायला लागले. आधी ते ‘बिकॉज’च्या आधी आले. मग प्रत्येक ‘अँड’च्या आधी. मला नवल वाटलं, वाचनालयात जाऊन व्याकरणाचं पुस्तक काढलं. पुस्तक म्हणत होतं, ‘बिकॉज’पासून पुढचा तुकडा एकटा उभा राहत नाही, तिथे अर्धविराम द्यायचा नाही. मी पुस्तक मिटलं. चूक छापणाऱ्याची असेल, दादाची कशी असेल? अख्खा पेपर मी तुझ्या नव्या पद्धतीने लिहून आले. परीक्षकाने शेरा मारला आहे की या उमेदवाराला विरामचिन्हांची मूलभूत समज नाही.

हेही मी गिळलं असतं. तुला कळूसुद्धा दिलं नसतं. पण परवा जे पान आलं, त्यावर ‘द’ आणि ‘पेशंट’ यांच्यामध्ये अर्धविराम आहे. दादा, प्रत्येक ‘द’नंतर आहे. पानभर. आणि खाली नेहमीसारखी तुझी झोकदार सही. मी धुलाईखोलीत मळक्या चादरींच्या ढिगावर बसून रडले. बरोबरीची म्हणाली, कोणी गेलं का तुझं. मला तिला नाही म्हणता येईना.

मी दिवसभर हेच बघते रे. शिंपीणआजींची मुलगी सांगते, सुरुवातीला आई कोणाचं नाव विसरली नव्हती, फक्त बाह्या उलट्या बसवायला लागली होती. ज्या कामात हयात गेली, तिथेच आधी पाय घसरला. आणि वहिनी मला न्हाणीघरात नळ सोडून हळू आवाजात फोन करते. ज्या शाळेतून तू निवृत्त झालास तिथे सकाळी जाऊन वर्ग घेऊन आलास, हे मला कळलं आहे. तू ‘सवय गं’ म्हणून हसण्यावारी नेलंस. तिने डॉक्टरांचं नाव काढलं तेव्हा म्हणालास, “माझ्या डोक्याची परीक्षा घेणारी तू कोण?” ती बिचारी त्यानंतर तुझ्यासमोर तो विषयच काढत नाही.

म्हणून सोबत दोन पानं पाठवते आहे. एक मार्चमधलं, एक परवाचं. दोन्हीवर शाई तुझीच आहे. सकाळी डोकं ताजं असताना, परक्या विद्यार्थ्याचं समजून दोन्ही तपास. तू माझं ऐकणार नाहीस, वहिनीचं तर नाहीच, पण चुकीचं तपासलेलं पान तू आयुष्यात कधी खपवून घेतलं नाहीस.

मला भीती वाटते दादा मी फार घाबरले आहे आई-बाबा गेले तेव्हा तू होतास माझ्या डोक्यावर हात होता आता मी इतक्या लांब आणि तू तिथे एकेक करून सगळं सोडत चालला आहेस आणि मला काही करता येत नाही, रजा मागितली तर नोकरी जाईल आणि न मागितली तर तू जाशील.

वहिनीने महिनाअखेरची डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली आहे, तुला न विचारता. मीच तिला घ्यायला लावली. शिव्या द्यायच्या तर मला दे. काही औषधं वेळेत सुरू झाली तर पुढचं लांबवता येतं, हे मी रोज ज्यांना भरवते त्यांच्यावरून सांगते. लवकर जायला हवं एवढंच.

परीक्षेचं मी बघेन. पास झाले तर झाले. नापास झाले तर परत येईन आणि मिळेल ते काम करीन, त्याची मला लाज नाही. पण मी दार वाजवल्यावर तूच दार उघडून विचारलंस, कोण पाहिजे, तर मी काय सांगू?

वहिनीबरोबर जा. पाया पडते.

तुझी आणि तुझ्याशिवाय कोणाचीच नसलेली,
धाकटी