नाव मोठ्यानं सांगायचं

स्प्रिंगफील्ड, इलिनॉय
१ ऑक्टोबर १८६०

ती. लव्हिनियाताईस,
पायाला भिंगरी लागलेल्या धाकट्याचा सा. न. वि. वि.

पिंपं बनवणाऱ्या म्हाताऱ्याकडचं काम सोडलं. रागावू नकोस, आधी ऐक. इथे आम्ही पोरं संध्याकाळी मेणकापडाच्या झुली पांघरून मशालींची मिरवणूक काढतो. मशालीचं तेल गळतं म्हणून झूल, पण माझ्या ते नेमकं डोक्यात गळलं. आता खानावळवाली मला पंक्तीत कडेला बसवते. तिच्या हातची मक्याची भाकरी म्हणजे काय सांगू, पण ते राहू दे. मिरवणूक लिंकनसाहेबांची. अध्यक्षपदाला उभे आहेत.

माणूस तुमच्या केंटकीतला, ताई. लाकडी खोपटात जन्म, नवव्या वर्षी आई गेली, शाळा माझ्याहूनही कमी. कुंपणाची लाकडं फोडली, होडीतून माल नेला, दुकान टाकून बुडवलं, मग वकील झाले. गुलामगिरी आता पुढे पसरू द्यायची नाही, असं चारचौघांत बोलतात. आपले टोबायस दाजी जे मनात ठेवतात तेच. तेव्हा सहा नोव्हेंबरला दाजींनी यांनाच मत द्यावं.

पाकीट बघितलंस ना? साहेबांचा चेहरा छापलेली गठ्ठाभर घेतली आहेत. चेहरा देखणा नाही, पण पाकिटाला शोभा येते.

येणाऱ्या भाच्याला मामाचा पापा. माझा राग आला तरी माया आटू देऊ नकोस.

तुझा,
ऑरिन

---

टॅनर्स मिल, केंटकी
१४ ऑक्टोबर १८६०

चि. ऑरिन यास,
अ. उ. आ.

तुझं पाकीट मिळालं, पण माझ्या आधी सगळ्या गावाला. टपाल दुकानात येतं हे तुला ठाऊक आहे. दुकानदाराने ते काकवीच्या बरणीला टेकवून, चेहरा गिऱ्हाइकांकडे करून ठेवलं होतं. मी आणायला गेले तेव्हा सगळे बाजूला झाले, मला वाट दिली. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर पाहिलं, तर आमचं फाटक बिजागऱ्यांवरून उतरवून अंगणात नीट आडवं ठेवलेलं. मोडतोड काही नाही. मोडलं असतं तर मी इतकी घाबरले नसते.

हे मात्र तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचतात. शेजारच्या प्रुइट कर्नलनी वसंतात त्यांच्या गुलाम लोहाराची बायको दक्षिणेच्या व्यापाऱ्याला विकली. लोहार दुसऱ्या दिवशी आमच्या घोड्याला नाल ठोकायला आला, आणि हे त्याच्या डोळ्याला डोळा भिडवू शकले नाहीत.

ऑरिन, तुमच्याकडे छापील चिठ्ठी पेटीत टाकली की झालं. इथे कचेरीच्या ओसरीवर उभं राहून नाव मोठ्यानं सांगावं लागतं, आणि सगळा गाव ऐकायला उभा असतो. ते नाव इथे अजून कोणी घेतलेलं नाही. फेब्रुवारीत माझं बाळंतपण. यांनी त्या दिवशी घरी बसावं, एवढंच मला हवं. माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील. त्यांना तसं स्पष्ट लिही. साध्या पाकिटातून.

पोटाला नीट खा. ताईची काळजी असू दे.

लव्हिनिया

---

डिकेटर, इलिनॉय
२७ ऑक्टोबर १८६०

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र उशिरा हाती आलं, कारण मी इकडे आलो होतो. का आलो ते सांगत बसत नाही, एका खेचराची गोष्ट आहे आणि त्यात माझी बाजू पडती आहे.

फाटकाचं वाचून वाईट वाटलं. टवाळ पोरांचं काम असेल. तरी तुझा शब्द मोडला नाही. दाजींना आजच वेगळं पत्र टाकलं, दोन्ही बाजू भरून. सुरुवातच केली की ताईला जपा. मग बाईमाणसाला जपण्यावरून साहेबांच्या सावत्र आईची आठवण झाली, तिने त्या पोराला कसं वाढवलं ते लिहिलं. त्यावरून दोन वर्षांपूर्वी सेनेटच्या वेळी ते हरले तरी बोलायचे थांबले नाहीत, ते आलं. मग कागद संपला. पण दाजी शहाणे आहेत, मतलब समजून घेतील. पाकीट अगदी कोरं आहे, निर्धास्त राहा.

लोभ ठेवतेसच, थोडा विश्वासही ठेव.

तुझा,
ऑरिन

---

टॅनर्स मिल
९ नोव्हेंबर १८६०

चि. ऑरिन यास,
आशीर्वाद.

तुझे साहेब निवडून आले, असं कळलं.

हे मिठाचं पोतं आणतो म्हणून निघाले. अंगावर चर्चला जायचा कोट होता, तेव्हाच मला कळायला हवं होतं. पुढचं मला गावातूनच समजलं. ओसरीवर पंचाने विचारलं, यांनी नाव सांगितलं. कारकून म्हणाला, ऐकू आलं नाही. यांनी पुन्हा सांगितलं, रस्त्यापर्यंत जाईल असं. कोणी हसलं नाही, शिवी दिली नाही. प्रुइट कर्नलनी हॅट काढली आणि यांना पायऱ्या उतरायला वाट करून दिली.

काल गिरणीवाल्याने मका परत पाठवला, जातं दुरुस्तीला काढलंय म्हणून. गिरणी इथून ऐकू येते, दिवसभर चालू होती. सुईणबाईचा निरोप आला की फेब्रुवारीत ती बहिणीकडे असेल. फेब्रुवारीत कधी, ते तिने विचारलंसुद्धा नाही.

मी यांना विचारलं, ऑरिनने घरी बसायला लिहिलं होतं ना? यांनी तुझं पत्र काढून माझ्या हातात दिलं. म्हणाले, तूच शोध.

शोधलं मी. सगळं आहे रे त्यात. तेवढंच नाही.

तुझ्यावर राग नाही. पण इतक्यात पत्र टाकू नकोस.

लव्हिनिया

---

वॉशिंग्टन
६ मार्च १८६१

ती. ताईस,
अपराधी भावाचा सा. न. वि. वि.

तू लिहू नकोस म्हणालीस म्हणून चार महिने हात बांधून घेतले. दक्षिणेची राज्यं एकेक करून फुटली, मला मात्र तुझ्या गिरणीवाल्याचीच आठवण येत होती. काय झालं, मुलगा की मुलगी? तू कशी आहेस?

परवा साहेबांचा शपथविधी झाला. मी मालगाडीने, पायी, आणि एका कोंबडीवाल्याच्या गाडीतून इथवर आलो होतो. वाटलं होतं वाजंत्री असेल, आपण ओरडू. वाजंत्री होतीही. पण वर बघितलं तर छपरांवर बंदुका घेतलेले शिपाई, आणि ते गर्दीकडे बघत होते, म्हणजे आमच्याकडेच. शेजारच्या माणसाने खिशात हात घातला, तसे आम्ही चारपाच जण मागे सरलो. त्याने रुमाल काढला. माझ्या तोंडून जयजयकार निघालाच नाही. तुला दुकानात वाट दिली होती ती कशी असेल, ते तेव्हा समजलं.

ताई, तिथून निघा. ओहायो नदी ओलांडली की तुम्ही सुटलात. मी नदीच्या पलीकडच्या काठावर, इव्हान्सव्हिलला एका पिंपवाल्याकडे कामाला राहतोय. खरंच राहतोय. खोलीही बघतो. पत्र तिथेच टाक.

माया शिल्लक असेल तर दोन ओळी.

ऑरिन

---

टॅनर्स मिल
१८ एप्रिल १८६१

चि. ऑरिन यास,
तुझ्या भाचीसह अनेक आशीर्वाद.

मुलगी झाली. सुईण नव्हती. यांनीच सगळं केलं, आजवर वासरं सोडवलेल्या हातांनी. मग बाहेर जाऊन ओकले. पोर चांगली आहे, तुझ्यासारखी एका जागी ठरत नाही.

फुटलेल्या राज्यांवर धाडायला अध्यक्षांनी सैन्य मागितलं आणि केंटकीने द्यायचं नाकारलं, हे तुला कळलं असेल. काल प्रुइट कर्नल स्वतः आले. ओसरीवर बसून ताक प्यायले, मुलीचं कौतुक केलं. जाताना यांना म्हणाले की शनिवारी कचेरीपुढे सगळे जमणार आहेत, प्रत्येकाने आपण कोणत्या बाजूचे ते सांगायचंय, आणि तुमचा आवाज तर खणखणीत आहे. पुन्हा हॅट काढली.

मी गाडी भरून ठेवली. म्हटलं, आजच निघू. हे म्हणतात, न सांगता पळालो तर तेही उत्तरच झालं. शनिवारी जाणार, सांगणार, आणि परत येऊन गाडी जुंपणार. माझ्याकडून मात्र वचन घेतलंय, की कंदील लावायच्या वेळेपर्यंत आले नाहीत तर मी गाडी जुंपायची आणि मुलीला घेऊन निघायचं. त्यांना शोधायला कचेरीकडे जायचं नाही. लोहाराला यांनी विचारलंय, तो मळ्यातली वाट दाखवील. पकडला गेला तर त्याचं काय होईल ते मी यांना विचारलं. ते उठून गाडीच्या आसाला वंगण लावायला गेले.

हे पत्र तुला शनिवारनंतरच मिळेल. उत्तर लिहू नकोस. सोमवारपासून तुझ्या काठी, नावेच्या धक्क्यावर येऊन उभा राहा. लांबून गाडीत माणसं शोधत बसू नकोस. मी एकटी दिसले तरी मला काही विचारू नकोस. आधी मुलीला घे, माझे हात मोकळे कर.

तुझी,
ताई