बसऱ्याहून आलेली थरथर

साखरशेत, संस्थान जव्हार
वैशाख वद्य ३, शके १८४२

चि. लक्ष्यास बा तुकाचे आशीर्वाद. वि. वि. पत्र मास्तरांकडून लिहवतो. कल्याणच्या रेल्वेत लागलास नि साहेब झालास, दोन महिने एक ओळ नाही.

तुझा थोरला भाऊ जिवा बसऱ्याच्या लढाईवरून आला तो हात थरथरवतच. छाती भरते, अन्न ठरत नाही. पलटणीच्या डॉक्टरनं कामचुकार म्हणून हाकलला. पुंजा भगतानं सुपात तांदूळ पाहिले, नाव काढलं जिवाच्या बायकोचं, राहीचं. भुताळी आहे, नवऱ्याला खाते म्हणतो. मला पटत नाही रे. पोर त्याला हातानं भरवते. पण पाडा ऐकत नाही. अमावास्येला पंच बसून तिला हाकलतील. तूही त्याच मजूर पलटणीत होतास, तिथं काय झालं ते कळव. बापाची आठवण असू दे.

तुका

कल्याण, वैशाख वद्य ८

ती. बास शि. सा. न. वि. वि. लपवलं, चुकलो. माझेही हात थरथरतात. आमच्या टोळीतले सात जण असेच झालेत. त्यातल्या पाचांनी वहिनीचं तोंडही पाहिलेलं नाही. बसऱ्याला आम्ही फुटकी पिंपं उतरवली, डोळे चुरचुरायचे. खारं पाणी प्यायलो, कसल्याशा सुया टोचून घेतल्या. नेमकं कशानं झालं ते मला ठाऊक नाही. वहिनीनं झालं नाही, एवढं ठाऊक आहे.

हे पत्र हजेरीच्या कारकुनानं लिहिलं. उद्या माझी थरथर साहेबाला कळेल नि काम जाईल. जाऊ दे. पत्र पंचांपुढे वाचा, वहिनीला काढू नका. लेकरावर माया असावी.

लक्ष्या

साखरशेत, ज्येष्ठ शुद्ध २

चि. लक्ष्यास आशीर्वाद. वि. वि. मास्तरांनी तुझं पत्र पंचांपुढे दोनदा वाचलं. मला वाटलं, पोर सुटली. पुंजा भगत मान डोलवत ऐकत होता. म्हणाला, आपण समजत होतो हिनं एकालाच धरलंय, हिनं तर सात जण धरलेत, तेही समुद्रापार. मग माझं कुणी ऐकेना. जिवा दारात बसला होता, त्यानंही तोंड उघडलं नाही. राहीला तिथूनच सूर्यमाळला तिच्या माहेरच्या वाटेला लावलं. माहेरीही कुणी घरात घेतलं नाही. सात जणांची बातमी तिच्या आधी पोचली होती. आता ती कुठं आहे कुणी सांगत नाही.

जिवाची थरथर तशीच आहे. काल भरवायला गेलो तर त्यानं तोंड मिटून घेतलं, राहीला बोलवा म्हणाला. पुंजा म्हणतो, बघा, अजून तिनं सोडला नाही.

तू खरं तेच लिहिलंस. न लिहितास तर बरं झालं असतं. राग नाही, माया आहे तशीच आहे.

तुका