बँकॉकला फाडलेला बस्ता

मिरजगाव, सोमवार, दुकान उघडायच्या आधी

तीर्थरूप राहीआक्कास,

तुझा धाकटा भाऊ राधाकृष्ण (ज्याला सध्या स्वतःच्या घरात कुणी चहासुद्धा विचारत नाही) याचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला कमी झाला का? काळी म्हैस व्याली का अजून वाट बघायला लावतेय? इकडं आम्ही सगळे खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. फोन केला तर तू उचलत नाहीस, मेसेज टाकला तर दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढं चिडीचूप, म्हणून शेवटी दुकानाच्या लेटरपॅडवर लिहायला बसलो. (वर कीटकनाशकवाल्यांनी छापलेलं मेलेल्या अळीचं चित्र आहे, तिकडं लक्ष देऊ नकोस.) भिमाजी टेम्पोवाला काष्टीच्या बाजाराला येतोय, त्याच्या हाती देतो. माफी मागायला लिहीत नाही, नुसती हकिगत कळावी म्हणून लिहितोय.

तर खताच्या कंपनीनं यंदा जास्त माल उचलणाऱ्या दुकानदारांना बँकॉकला न्यायचं काढलं. त्यात मी बसलो आणि खर्ड्याचा आपला छगनही बसला. निघताना तुझ्या भावजयीनं, सुमननं, एकच सांगितलं, की काही आणू नका, फक्त डोकं जाग्यावर ठेवा. नेमकं तेच जमलं नाही. विमानात छगन म्हणाला, आजकाल सगळेच लग्नाचा बस्ता नगरच्या कापडबाजारात फाडतात, त्यात काय नवल? झालं! माझ्या डोक्यात किडा वळवळला. राजनंदिनीचं लग्न तोंडावर, एकुलती एक पोरगी, आणि बाप चाललाय बँकॉकला. म्हटलं, आपण बस्ता तिथंच फाडू. वऱ्हाडात कुणी विचारलं शालू कुठला, तर विहीणबाईंनी नुसतं 'बँकॉकचा' म्हणायचं आणि समोरच्या बाईनं गप बसायचं. (बस्ता ही दोन्हीकडच्या बायकांनी मिळून करायची गोष्ट आहे, तिथं पुरुषानं पिशव्या धरायच्या असतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण परदेशात माणसाला वारं लागतं.)

दुसऱ्या दिवशी आम्हाला खरेदीला मोकळं सोडलं. प्रतुनाम म्हणून कपड्यांचा मोठा बाजार आहे. आक्का, काय सांगू! बोळातून बोळ, बोळात दुकानं, दुकानांच्या वर दुकानं, आणि ऊन आपल्या वैशाखासारखं. मी एक बरं दुकान बघून आत शिरलो, बूट काढले आणि गठ्ठ्यावर मांडी घालून बसलो. आपल्याकडं बस्त्याचं गिऱ्हाईक आलं म्हणजे आधी पाणी, मग चहा, मग पोरं धडाधड थप्प्या टाकतात. मी वाट बघत बसलो. चहा येईना, थप्पी येईना. दुकानवाली बाई जरा वेळ माझ्याकडं बघत राहिली, मग धावत जाऊन पंखा माझ्याकडं वळवला आणि माझ्या नाकाला कसलीशी झणझणीत नळी लावली. तिला वाटलं, मला भोवळ आली. छगन बाहेर उभा राहून हसत होता. त्याला मी परत गावात तोंड दाखवू देणार नाही असं म्हणालो होतो, पण आता मलाच तोंड लपवायची वेळ आली आहे.

भावाचं म्हणशील तर तिथं बोलणं नाही. ती कॅल्क्युलेटरवर आकडा मारते, आपण पुसून आपला मारायचा. एका कापडाला मी पार खालचा आकडा मारला आणि आपल्या रिवाजाप्रमाणं उठून चालता झालो. आता 'ओ पाव्हणं, या की मागं, शेवटचं बोला' अशी हाक यायला पाहिजे का नको? तिनं दोन्ही हात जोडले, गोड हसली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळली. मी कोपऱ्यावर बुटाची नाडी बांधायचं सोंग करून थांबलो. हाक नाही. आणखी थांबलो, दुसरी नाडी सोडून बांधली. शेवटी लाजत मागं वळलो, तर ते दुकानच सापडेना, सगळी सारखीच! पाय तुटायला आले. मग एका रेशमाच्या दुकानात शिरलो आणि तिथल्या बाईनं जो पहिला आकडा मारला त्याला मान डोलावली. रेशीम मात्र अस्सल हं, आक्का. हिरवं, जांभळं, आंब्याच्या रंगाचं. बोटं दाखवून सहा-सहा वार तोडून घेतलं, शालूला वेगळं, करवल्यांना वेगळं. आणि फुशारकीनं तुला व्हिडिओ कॉल लावला, की आक्का, बघ, बस्ता उरकला, आता तुला नगरला तंगडतोड नको. तू बघितलंस आणि पडदा काळा झाला. मी छगनला म्हटलं, रेंज गेली.

घरी आलो. बायका गोळा झाल्या, शेजारच्या झुंबरबाई चष्मा लावून पुढं बसल्या. मी एकेक घडी उलगडली. रेशमावर हात फिरले, वा वा झालं, मग झुंबरबाई कापडाचं एक टोक बघतात, दुसरं टोक बघतात, परत पहिलं बघतात. म्हणाल्या, "आवं, ह्याला पदर कुठं हाय?" पदर नव्हता. काठही नव्हता. ताक्यावरून कापून घेतलेलं कापड ते, त्याला पदर येणार कुठून! "आन नवरीच्या डोक्यावर काय घ्यायचं, बिल?" असंही त्या म्हणाल्या. (छगननं म्हणे त्याच शहरात आपल्या लोकांची गल्ली शोधून तयार साडी आणली. त्याच्या बायकोनं आतला शिक्का वाचला, सुरत. तेवढाच माझ्या जिवाला गारवा.)

पण खरा तमाशा नंतर झाला. मी सुमनला म्हटलं, त्या दिवशी रेंज गेली नसती तर आक्कांनीच पदराचं ओळखलं असतं. ती म्हणाली, रेंज गेली नव्हती, आक्कांनी फोन ठेवला होता. आणि आत निघून गेली. मग दाजींना फोन केला. ते म्हणाले, लग्नाला येणार न्हाई म्हनती, लई समजावलं. मग म्हणाले, नगरला हिंडायचं म्हणून तिनं मऊ तळाच्या चपला आणल्यात, घरात घालून चालायची सवय करत होती, आता खोक्यात घालून माळ्यावर टाकल्या.

आक्का, ते ऐकलं आणि मग मला आठवलं. आपल्या घरात बस्त्याचं पहिलं लुगडं आत्यानं उघडायचं, कोपऱ्याला हळदीकुंकू लावायचं, मग बाकीच्यांनी हात घालायचा. आई गेल्यावर तर घरात मोठं म्हणून तूच उरलीस. पदर विसरलो त्याचं एवढं नाही, पण तुला विसरलो, आणि वर तुझ्यावर उपकार केल्यासारखं बोललो. लई वाईट वाटतं गं. दुकान उघडायची वेळ झाली, म्हणून थांबतो. दाजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
राधाकृष्ण

ता. क. : वर माफी मागायला लिहीत नाही म्हणालो, ते खोडायचं होतं, पण लेटरपॅडचा हा शेवटचाच कागद आहे. तेव्हा ते वाचलंच नाही असं समज.

ता. क. दुसरा : आंब्याच्या रंगाच्या कापडाचा दाजींना सदरा शिवायला टाकलाय. त्यांना आवडणार नाही. तरी घालायला लाव.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं यासाठीच : बुधवारी बस्ता आहे, नगरलाच, व्याह्यांकडच्या बायकांसकट. त्यांना मी सगळं खरं सांगितलं, विहीणबाई पोट धरून हसल्या आणि म्हणाल्या, आत्याबाई येईपर्यंत आम्ही दुकानाची पायरी चढत नाही. राजनंदिनी तर म्हणते, आत्यानं लुगडं उघडलं नाही तर मी घरातल्या गाऊनवर बोहल्यावर उभी राहीन, आणि ती तुझ्यावर गेलीय, करील. त्या दिवशी सकाळी गाडी घेऊन येतो. राग सोडून ये असं म्हणायची माझी लायकी नाही. रागावून ये. रुसायचं असेल तर गाडीत बसून रूस, वाटभर माझ्याशी बोलू नकोस, फक्त पुढच्या सीटवर बस.